सगळ्यात कडक बाटली

एगैला, कुवेत
१४ नोव्हेंबर २००९

प्रिय प्रभा,

मी बरा आहे, पण डोकं तापलंय.

सिगारेट सुटावी म्हणून इथल्या मॉलमधून बॅटरीवरची सिगारेट घेतली. पहिल्यांदाच घेतोय, हे सांगूनही त्या गाढव दुकानदाराने तिच्यात भरायची सगळ्यात कडक निकोटिनची बाटली दिली. दोन झुरक्यांत गरगरलं, प्लँटवर उलटी झाली. आईला सांगू नकोस.

जाब विचारला, तर हसत म्हणाला, "भाईसाब, शौक है तो सहना पड़ेगा."

"शौक नहीं, बेटी से वादा है!" मी असा ओरडलो की त्याने मुकाट्याने सौम्य बाटली बदलून दिली.

सलोनीला सांग, नऊ दिवस खऱ्या सिगारेटला शिवलो नाही. तिचा खोकला थांबला का?

सध्या सगळ्यांवर खेकसतोय. तुझ्यावर खेकसू नये म्हणून फोन न करता पत्र लिहितोय.

तुझाच,
रविकांत