सान्तेसाठी रदबदली

३ मे १९३७ (पक्षाच्या नवयुगाचं वर्ष पंधरावं)

आजपासून रोजनिशी. अगदी नियमित. सिगार बंद, सकाळी व्यायाम, आणि राजकारणावर अवाक्षर नाही. मी बँडचा मास्तर, संगीताचा माणूस. सरकारं येतात, सरकारं जातात.

(वरचं वाक्य खोडायला हवं. हे सरकार जाणार नाही.)

मोठी बातमी. बावीस तारखेला देशाचे नेते ड्यूचे यांची गाडी आपल्या स्टेशनात येणार, थांबणार, आणि फलाटावर आमचा बँड! एजिस्तो झानेल्ली, तुझा दिवस आला.

११ मे

व्यायाम उद्यापासून.

अडचण. ट्युबा, म्हणजे बँडमधलं सगळ्यात खर्जातलं पितळी वाद्य, वाजवतो सान्ते. सान्ते म्हणजे माझ्या बायकोचा, आर्जियाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, सायकली दुरुस्त करतो. कोणी मोठा माणूस गावावरून जाणार असला की फौजदार सान्तेला आठवडाभर आत ठेवतो. आधीपासूनचा रिवाज आहे, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सान्तेची बायको देझोलिना घोंगडी आणि सॉसेज बांधून देते आणि सान्ते स्वतःच सायकलवर बसून ठाण्यात हजर होतो. कारण काय, तर बावीस साली तो पक्षाच्या पोरांना रस्त्यात काहीतरी बोलला. तेव्हा शिक्षा म्हणून पोरांनी त्याला बळजबरीनं एरंडेलही पाजलं होतं. झालं गेलं ते.

पण संगीताचं काय? प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी माझ्या बँडला ट्युबा नाही. ट्युबाशिवाय पक्षाचं गाणं म्हणजे मिठाशिवाय सूप. मी स्वतः लक्ष घालणार. आर्जिया म्हणाली, मास्तर, तुम्ही कशातच लक्ष घालू नका, तो आठवड्यानं येतोच घरी. बायकांना ओळखीचं महत्त्व कळत नाही.

१३ मे, गुरुवार

काम फत्ते. थेट सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. रावायोली. गावातलं औषधांचं दुकान त्यांचं आणि पक्षही त्यांचाच. (एरंडेलही त्यांच्याच दुकानातलं होतं, पण धंदा तो धंदा.) आतल्या खोलीत बसवून कॉफी दिली. खरी. चिकोरीच्या मुळांची नव्हे.

मुद्देसूद बोललो. सान्ते निरुपद्रवी आहे, नुसता थट्टेखोर. नमुना म्हणून ताजा किस्सा सांगितला. खानावळीसमोरच्या भिंतीवर 'ड्यूचे नेहमी बरोबर असतात' असं रंगवलंय, ते वाचून सान्ते म्हणाला की आमची देझोलिनापण नेहमी बरोबरच असते, पण ती निदान जेवायला घालते. साहेब पोट धरून हसले. त्यांनी हे ऐकलंच नव्हतं! आणखी कोण हसलं, असं विचारलं. म्हटलं, सगळेच. सगळेच म्हणजे कोण? सगळं एकट्या सान्तेवर येऊ नये म्हणून मी नावं सांगितली. क्लॅरिनेटवाला तार्चीझिओ न्हावी, ढोलवाला, दोघे ट्रंपेटवाले.

साहेबांनी पेन्सिलीला टोक काढलं. इतका मोठा माणूस, पण नोकराला हाक मारली नाही.

२२ मे, शनिवार

ट्युबा नाही. वेळ कमी पडला, असं साहेब म्हणाले.

पक्षाचे काळे सदरे सगळ्यांनी घरीच रंगवले होते. उन्हात तीन तास उभं राहिल्यावर घामानं रंग सुटला. मानेवरून ओघळला, हातांवर आला, ट्रंपेटच्या चाव्यांना लागला. तार्चीझिओ म्हणाला, आपण काय कोळसेवाले वाटतो की मयताला आलोय? मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

गाडी आली. थांबली नाही. मंदही झाली नाही. शेवटच्या डब्याच्या दारात एक आचारी बटाटे सोलत बसला होता, त्यानं सुरी हलवून दाखवली. मात्र तिसऱ्या डब्याचा पडदा हलला, हे मी स्वतः पाहिलं. त्यांनी ऐकलं असणार.

सिगार ओढला. एकच. प्रसंगच तसा होता.

२९ मे

गाडीसाठी आत ठेवलेले सगळे सुटले. सान्ते नाही. कागदाची काहीतरी चूक असणार. ठाण्यातला कारकून नवा आहे.

तार्चीझिओच्या दुकानाला सील. तो वस्तऱ्यांची पेटी घेऊन चौकात बसला होता. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, मास्तर, तुम्ही दाढी घरीच करत जा.

१० जून, गुरुवार

पाच वर्षं.

सान्तेला हद्दपार करून बेटावर ठेवणार. खटला नाही, वकील नाही. चार माणसं टेबलामागे बसली आणि पाच मिनिटांत पाच वर्षं दिली. नेत्याची टिंगल म्हणे. खानावळीतली ती देझोलिनावरची थट्टा शब्दन् शब्द वाचून दाखवली. देझोलिना बाहेर बाकावर बसली होती, तिनं दारातून ऐकली.

आर्जिया स्वयंपाकघरात जमिनीवर बसली ती उठलीच नाही. मी म्हटलं, समुद्राची हवा असते, छातीला बरी. तिनं ऐकलं नसावं.

मला कसंतरी होतंय. हे कुठेतरी लिहायलाच हवं, म्हणून लिहितो.

१४ जून

देझोलिना आली होती. विचारत होती, हे वर कोणी पोचवलं. मी म्हटलं, गावात चुगलखोर फार झालेत. ती म्हणाली, तुम्ही तर साहेबांकडे जाता, तुम्हीच काढा शोधून.

काढणार. शपथ. ज्यानं सान्तेचा घात केला त्याचं नाव मी या वहीत लिहीन तेव्हाच स्वस्थ बसेन.

१७ जून, गुरुवार

साहेबांना स्पष्ट विचारलं, हा चुगलखोर कोण? ते बघतच राहिले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मास्तर, असा माणूस पक्षाला फार मोलाचा असतो, त्याला जपावं लागतं. म्हणजे नाव सांगणार नाहीत. तत्त्वाचे पक्के.

पण दार बंद केलेलं नाही. दर गुरुवारी येत चला, म्हणाले, सान्तेचं काहीतरी बघू. तोवर बँडमध्ये काय चाललंय ते कळवत जा. मला तर हायसं वाटलं. अखेर आशेला जागा आहे.

२२ जुलै, गुरुवार

गेलो. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून थोडं इकडचं तिकडचं सांगितलं. ढोलवाला तालमीला उशिरा येतो. ट्रंपेटवाल्याचा भाऊ फ्रान्सहून आलाय. असलंच. निरुपद्रवी.

सान्तेचं? बघू म्हणाले.

२ सप्टेंबर, गुरुवार

तालमीला चौघं. बाकीचे द्राक्षांच्या तोडणीला गेले असणार. यंदा तोडणी लवकर दिसते.

खानावळीत शिरलो की सगळे हवामानावर बोलू लागतात. शेतकऱ्यांचं गाव, चालायचंच.

४ ऑक्टोबर

देझोलिना बेटावर जाऊन आली. सान्ते वाळलाय. रात्री खोकतो, घामानं अंथरूण भिजतं. तिथल्या डॉक्टरनं छातीला कान लावला आणि निघून गेला. हा हिवाळा निघणार नाही, असं ती म्हणाली. रडली नाही. सरळ उभी राहून म्हणाली.

सान्तेनं माझ्यासाठी निरोप धाडला. दाजींना सांग, हात जोडतो, आता माझ्यासाठी कोणाला भेटू नका.

केवढं मोठं मन! मरायला टेकलाय आणि माझ्या पायपिटीची काळजी करतो. मला रडू आलं. असल्या माणसाला मी तिथे मरू देणार नाही. यापुढे गुरुवारची वाटसुद्धा बघणार नाही, वाटेल तेव्हा जाईन.

७ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. साहेबांना म्हटलं, त्याला दवाखान्यात तरी हलवा. म्हणाले, मास्तर, वर शब्द टाकायचा तर आपलं वजन लागतं. तुम्ही अलीकडे आणता काय, ढोलवाला उशिरा येतो! असल्या बातम्यांवर मी फुफ्फुसं कशी सोडवू?

पटलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. बँडमध्ये तर आता मीच उरलोय.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

पक्षाच्या सत्तेचा वर्धापनदिन. चौकात मी एकट्यानं कॉर्नेट वाजवली. काळा सदरा या वेळी विकतचा. टाळ्या झाल्या. (साहेबांच्या.)

आर्जिया माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते, निघून जाते. विचारलं, माझं काय चुकलं? ती म्हणाली, मास्तर, तुम्हाला खरंच कळत नाही का? आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला तिथून उठावं लागलं.

सिगारचा संकल्प पुढच्या वर्षापासून.

९ नोव्हेंबर

तळघरात पिंपं धूत होतो. वर आर्जिया आणि देझोलिना बोलत होत्या. आर्जिया म्हणाली, आमच्या लग्नाच्या वर्षाची एक बाटली मी खाली कोपऱ्यात पुरून ठेवलीय. तो नेहमी बरोबर असणारा मेला की त्या दिवशी फोडणार, आणि सान्तेच्या नावानं पहिला पेला तू प्यायचास.

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. पायरीवर बसून राहिलो. सान्ते गेला तर ही वेडी होईल. काहीही करून त्याला आणायला हवा. काहीही करून.

११ नोव्हेंबर, गुरुवार. संत मार्टिनचा सण

नव्या वाईनचा दिवस, साहेब खुशीत. मी सगळं मोकळेपणानं बोललो. म्हटलं, साहेब, सान्तेला परत आणा, माझी बायको खचलीय, नसांचा त्रास सुरू झालाय, वाटेल ते बरळते बिचारी. औषध द्या काहीतरी.

साहेब औषधवालेच ना. त्यांनी हळुवारपणे विचारलं, वाटेल ते म्हणजे काय?

दुखणं कळल्याशिवाय औषध कसं देणार? मी सांगितलं. तळघराचा कोपरासुद्धा, कारण त्यांनी विचारलं. पेन्सिलीला टोक होतंच.

सान्तेसाठी उद्याच वर फोन करतो म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदा उद्याच म्हणाले! वाटेत येताना मी गात आलो.

१३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी फौजदार आला, बरोबर दोघे. तळघर खणलं, बाटली काढली. आर्जियानं शाल घेतली. देझोलिनालाही तिच्या घरून आणलं होतं, ती गाडीत बसलेलीच होती. मी म्हटलं, ही नुसती थट्टा होती, मीच साहेबांना सांगितलं, ते हसले! आर्जिया दारात थांबली. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि गेली.

घरात कोणी नाही. घोंगडी द्यायची राहिली. ठाण्यात घेऊन गेलो, त्यांनी घेतली नाही.

काहीतरी गैरसमज झालाय. गुरुवारी जाऊन साहेबांना नीट समजावून सांगतो.