माझ्या बहिणीची खरी पत्रं

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, अविवाहित, छापखान्यातली निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कान गेले आहेत, पण त्यांची इथे गरज नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी भाच्याला वगळलं होतं, ते रागाच्या भरात.

कलम १. माझे शब्दकोश आणि लाल पेनं छापखान्यात माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावीत. तिनं ती घरच्यांवर चालवू नयेत. मी धाकट्या बहिणीची पत्रं तपासून तिला परत पाठवत असे. "मी पत्र लिहिते, परीक्षा देत नाही," असं तिनं एकदा सुनावलं आणि आमचं येणं-जाणं थांबलं. पत्रं तेवढी चालू राहिली; लाल खुणा मी करतच राहिले, पण परत न पाठवता ती पेटीत ठेवू लागले.

कलम २. गेल्या वर्षी तिची पत्रं टाइप केलेली येऊ लागली. हात थरथरतो, असं कारण दिलं होतं. एकही चूक नाही. मला वाटलं, सुधारली! मग एका पत्रात तिनं माझी माफी मागितली. माफी मागणाऱ्यातली ती नव्हेच. मी तडक बस धरली.

दार भाच्यानं उघडलं. कोपऱ्यात तिची काठी होती, ती नव्हती.

"आई जाऊन सात महिने झाले, मावशी," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "तुला सोसणार नाही म्हणून... तिची जुनी पत्रं कॉम्प्युटरला दिली. तो हुबेहूब तिच्यासारखं लिहितो."

"हुबेहूब? तिला 'आशीर्वाद' जन्मात धड लिहिता आला नाही!"

मी तोंडाला येईल ते बोलले. मग तो म्हणाला, "पाठवायच्या आधी मीच ती चार-चारदा वाचायचो गं. आईच बोलतेय असं वाटायचं."

तिच्या उशीखाली सापडलेलं अर्धवट पत्र त्यानं मला दिलं: "ताई, तु ये. भांडन नंतर करु." ते माझ्याबरोबर जावं. कुणी दुरुस्त करू नये.

कलम ३. राहतं घर भाच्याला. तिच्या खऱ्या पत्रांची पेटीही त्यालाच. लाल खुणांकडे त्यानं काणाडोळा करावा.

कलम ४. मी गेल्यावर माझा कागद कुठल्याही यंत्राला देऊ नये, माझ्यासारखं काही लिहवून घेऊ नये. आठवण आली, तर येऊ द्यावी.

सही
साक्षीदार: १. समोरच्या घरातली शिंपीण, २. निवृत्त पोस्टमन. दोघांनीही वाचून, माझ्यादेखत सह्या केल्या.
स्थळ: माझं स्वयंपाकघर. ता. ४, मंगळवार, सकाळ.