घरी केलेलं घडीचं टेबल

३ फेब्रुवारी
बायकोला स्पोर्ट्‌स क्लबमध्ये मालिशचं काम मिळालं. कायमचं. अट एकच, मालिशला माणूस झोपवायचं घडीचं टेबल स्वतःचं हवं. एकवीस तारखेला रुजू. आठ वर्षं लोकांच्या घरी जमिनीवर बसून मालिश करतेय, गुडघे पार कामातून गेलेत. म्हणते, हे हुकलं तर मालिशच सोडावी लागेल. तिने तयार टेबल ऑर्डर केलं होतं. मी तिच्या फोनवरून ऑर्डर रद्द केली. फर्निचरच्या शोरूममध्ये बारा वर्षं सेल्समन होतो. घरात कारागीर असताना विकतचं कशाला? तिला सरप्राइज.

५ फेब्रुवारी
सरप्राइज कळलं. रडली. आनंदाश्रू नव्हते, पण होतील.

७ फेब्रुवारी
रद्द ऑर्डरचे पैसे परत आले, त्या सगळ्यातून प्लायवूड, बिजागऱ्या, फोम, रेक्झिन आणलं. उद्यापासून पहाटे पाचला उठून काम.

८ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उठलो. लाकडाच्या कामात घाई उपयोगी नाही.

१२ फेब्रुवारी
पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला भोक लागतं. ते पाडलं. राहायला आलेल्या सासूबाईंनी तोंड घालून पाहिलं. आत गेलं, बाहेर येईना. साबण लावून काढलं. म्हणाल्या, मुलगी देताना नीट बघायला हवं होतं. त्यांचे कान मुळातच मोठे.

१५ फेब्रुवारी
नेटवरच्या फोटोत टेबलाखाली स्टीलच्या तारा ताणलेल्या दिसतात. मला वाटलं, डिझाइन. समोरचा सुतार म्हणाला, भाऊ, सगळा भार त्या तारांवरच, नाहीतर माणूस झोपला की पाय फाकतील आणि टेबल खाली बसेल. याला काय कळतंय? आयुष्यात एक टेबल विकलेलं नाही. मी मधल्या जोडाला कडी लावली. दाराची उरलेली होती.

१८ फेब्रुवारी
टेबल तयार. उचलायला दोन माणसं लागतात. बायको म्हणाली, मी एकटी बसमधून कशी नेऊ? म्हटलं, सवय होईल. मग हळूच म्हणाली, तोवर मैत्रिणीचं टेबल मागून आणू का? मी ताटावरून उठलो. तिने विषय सोडला. समजूतदार आहे.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
ट्रायल. मीच झोपलो, म्हणजे क्वालिटी कळेल. तिने पाठीवर जोर देताच खालून करकर आवाज. कडी सुटत होती. ती म्हणाली, उतर. म्हटलं, घाबरतेस काय, खालून हात लावून कडी धर. तिने धरली. टेबल खाली आलं, माझ्यासकट, तिच्या हातावर. माझ्या कमरेलाही बराच मार आहे. हे कोणी विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी
तिने डॉक्टरांना सांगितलं, हात दारात सापडला. मला खोटं खपत नाही. मी सगळं कागदावर काढून समजावलं. डॉक्टर चित्र बघून म्हणाले, तारा कुठायत? हल्ली जो तो सुतार. उजव्या अंगठ्याची दोन हाडं मोडलीत. म्हणाले, घास उचलता येईल, मालिशचा जोर परत येणार नाही. डॉक्टर लोक नेहमी जास्तच सांगतात.
क्लबमधून फोन आला. मीच घेतला. म्हटलं, पंधरा दिवस थांबा. त्यांनी दुसरीला घेतलं.

२८ फेब्रुवारी
सकाळी सासूबाई तिची वेणी घालत होत्या. म्हटलं, द्या, मी घालतो, त्यात काय एवढं. बायको नको म्हणाली. आवाज चढवला नाही. म्हणाली, माझ्यासाठी एवढं एकच कर, काही करू नकोस.
मला फार लागलं ते. दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. कशालाही हात लावला नाही.
आठ दिवसांत आज पहिल्यांदा ती पोटभर जेवली. डाव्या हाताने.