दोन बोटं लांब किक

दादा,

ओव्हन उघडशील तर आत पेट्रोलची टाकी दिसेल. रंग सुकतोय, हात लावू नकोस.

टाकी तुझ्या जुन्या मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या गाडीची आहे. भंगारात घाल म्हणालास, मी हो म्हणाले, आणि घातली नाही.

त्या गाडीची किक आता कुठेच मिळत नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये मीच घडवली. दोन वाया गेल्या. तिसरी मुद्दाम दोन बोटं लांब केलीय. तू गाडीवरून पडलास तेव्हापासून त्या पायात पूर्वीचा जोर नाही, लांब किकला कमी जोर पुरतो. परवा दुपारी झोपेत पायावर मुंगी चालली म्हणून ओरडलास ना, ती माझी मोजपट्टी होती.

मी पेट्रोल आणायला गेलेय. तेवढ्यात पळून जाऊ नकोस. पळायचंच असेल तर गाडीवरून पळ.

– धाकटी