रुहीच्या रायफलीचं काडतूस ठरलं

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
विसर्जनानंतरचा रविवार

ती. अनिलदादा,

अक्रोडाचा दस्ता मी केला. चापाभोवतीची पोलादी कडी कानशीने घासून मी काढली. हात घसरू नये म्हणून दस्त्यावर बारीक चौकटी कोरतात, त्या मी कोरल्या. खांद्याला अडकवायचा चामडी पट्टा मी शिवला (शुभाच्या मशीनची सुई मोडली, तीही मीच बदलली). ठेवायची पेटी, पेटीतलं मखमली अस्तर, सगळं ह्याच दोन हातांचं. नळी आणि बोल्टचा (म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याचा) सांगाडा तेवढा विकत आणला, हे लपवत नाही. आता साष्टांग नमस्कार. पत्रात नमस्कार आधी आला की तुम्ही घडी घालून ठेवून देता, असं सुमित्रावहिनींनी फोनवर सांगितलं, म्हणून ह्या वेळी क्रम बदलला. तुमची साखर, वहिनींचा गुडघा आणि कूलरची मोटर, तिघांच्या प्रकृतीचं सविस्तर कळवा. इकडे माझी पाठ सोडून सर्व क्षेम आहे.

तुम्ही विचाराल, रवींद्रा, इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळणारा तू, झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा (ती गोष्ट जुनी आहे, आणि झुरळ उडणारं होतं), तुला रायफल कशाला? मला नाही, रुहीला. आपली रुही न्यू हॅम्पशायरमध्ये जंगलखात्यात हरणं मोजते, आणि नोव्हेंबरात सहकाऱ्यांबरोबर त्यातलं एखादं मारते. ह्यात विसंगती आहे हे मी तिला दाखवून दिलं. तिने मला हरणांच्या संख्येवर अर्धा तास शास्त्र ऐकवलं. कॉलेजला गेल्यापासून ती फोनवर माझ्याशी ‘हाय बाबा, आई आहे?’ ह्यापलीकडे फारसं बोलत नव्हती, त्यामुळे ती अर्धा तास बोलली हेच मला पुष्कळ झालं. आणि शेवटी म्हणाली, ‘बाबा, यू मेक सच नाइस थिंग्ज. माझ्यासाठी एक रायफल बनवशील?’ दादा, मुलीने दहा वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी परवाना काढला, नियम वाचले (आमच्या राज्यात हरणावर रायफल चालवता येत नाही, त्यांच्यात येते, मी दोन्ही राज्यांचे नियम वाचले) आणि शेजारच्या बाईंचा वादळात पडलेला काळा अक्रोड गॅरेजमध्ये वाळत होता, त्याला हात घातला. शिकवणी कुणाकडे लावली नाही. लायब्ररीतली पुस्तकं, इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि स्वतःचे डोळे.

अडलं ते काडतुसाशी. दुकानातली तयार रायफल घेतली तर तिचं काडतूस ठरलेलं असतं. स्वतः बांधली तर नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसायचं घर कोरावं लागतं, आणि ते एकदा कोरलं की कोरलं. मग जन्मभर तेच काडतूस. नळी मी सात मिलिमीटरची घेतली होती, पण सात मिलिमीटरच्या घराण्यात स्थळं काय कमी? मॅग्नम आहे, दांडगं, पण खांद्याला लाथ मारतं. दोनशेऐंशी आहे, गुणी, पण गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. जुनं जर्मन माउझर आहे, सव्वाशे वर्षांचं घरंदाज, माझा जीव त्याच्यावर. आणि सेव्हन-झीरो-एट म्हणून एक धाकटं आहे, आखूड, साधं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी चौकशी सुरू केली. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर विषय काढला मात्र, ज्यांनी जन्मात फुगेसुद्धा फोडले नाहीत ते सगळे तज्ज्ञ निघाले. सिद्धेश म्हणाला, ‘काका, मॅग्नमच घ्या. पॉवर जास्त असली तर बिघडतं कुठे यार?’ (हा माणूस दोघांच्या संसाराला आठ सीटची गाडी चालवतो.) प्रतापने कोष्टक करून पाठवलं, त्यात बेरीज चुकली होती. ती दुरुस्त केली तर माउझर वर आलं, पुन्हा तपासली तर दोनशेऐंशी. असे दोन पावसाळे गेले. म्हणजे इथे बर्फ. रुही दर वेळी विचारायची, ‘बाबा, रेडी?’ मी म्हणायचो, अभ्यास चालू आहे. ह्या जूनमध्ये म्हणाली, ‘इट्स ओके बाबा, मी दुकानातून एक घेऊन टाकते.’ आणि मग, ‘आई आहे?’

दादा, त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी न्यू हॅम्पशायरातल्या लॉयडला फोन केला. हा सत्तरीचा कारागीर. नळीत घर कोरायचं ते तोच कोरणार, कारण त्याचं यंत्र माझ्याकडे नाही (माझ्याकडे असतं तर मीच कोरलं असतं). त्याने निमूटपणे माझं सगळं विवेचन ऐकलं आणि विचारलं, ‘मुलगी काय म्हणते?’ आता काय सांगू! मंडळाला विचारलं, इंटरनेटला विचारलं, ऑफिसातल्या व्हिएतनामी साहेबाला विचारलं. स्थळाची चौकशी गावभर आणि मुलीला विचारायचं राहिलं. लॉयड म्हणाला, घेऊन ये तिला, माझ्याकडे चारही काडतुसांच्या रायफली आहेत, झाडून बघू दे.

रुहीला सवड मिळाली ती आत्ता, मागच्या शनिवारी गेलो. लॉयडच्या दुकानामागे नेमबाजीचं मैदान आहे. शुभा सोबत होती, साबुदाण्याची खिचडी घेऊन. रुहीने पहिली रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. मी म्हटलं, बाळा, उलटी धरलीस. ती म्हणाली, ‘बाबा, आय ॲम लेफ्टी.’ मी हसलो. मी तिच्या हाताचं माप जेवताना घेतलं होतं, ती उजव्या हाताने वरणभात कालवत असताना. लिहितेही उजव्या हाताने. पाटीवर श्री काढताना शुभाच्या आईने पेन्सिल त्या हातात दिली, ती तिथेच राहिली. ‘जेवण आणि लिहिणं तुमच्यासाठी, बाबा. बाकी सगळं लेफ्ट.’ मी शुभाकडे पाहिलं.

‘तुला माहीत होतं?’

‘म्हणजे काय? सहा वर्षं बॅडमिंटन खेळली पोरगी.’

‘मी प्रत्येक मॅचला होतो!’

‘होतास ना. रॅकेटच्या तारांचा ताण मोजत होतास.’

दादा, डावऱ्या माणसाच्या रायफलीचा बोल्ट डावीकडे असतो. गाल टेकायचा उंचवटा उजवीकडे असतो. म्हणजे माझा दस्ता, चौकटी, सांगाडा, सगळं आरशातलं. मी बाकावर बसलो. लॉयडने ते सगळं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, ‘नळी वाचली ना. तू मन पक्कं करून घर कोरून घेतलं असतंस, तर हीही ह्याच सांगाड्याला जखडली असती.’ माझ्या धरसोडीचं असं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही. रुहीने तोवर चारही झाडून पाहिली, खिचडी गार व्हायच्या आत परत आली आणि म्हणाली, ‘सेव्हन-झीरो-एट. मी ऑफिसातल्या रायफलीत तेच वापरते. टोल्ड यू लास्ट इयर.’ झालं. दोन वर्षांचा अभ्यास. लॉयडने डावा, आखूड सांगाडा मागवला आहे, तो महिनाअखेरीस येतो, घर तो कोरेल, आणि नवा दस्ता मी नोव्हेंबरच्या आत करीन. अक्रोडाची दुसरी फळी आहे. रुहीने दुकानातली रायफल घेतलेली नाही. म्हणाली, ‘आय विल वेट.’

वहिनींना नमस्कार, गिरिजाला आशीर्वाद.

तुमचा,
रवींद्र

ता. क. वहिनींच्या सावजी मसाल्याचं प्रमाण पाठवा. ‘अंदाजाने’ असं लिहू नका, ग्रॅममध्ये लिहा. शुभाने हरीण तिच्या फ्रिजमध्ये येऊ द्यायचं नाही असं बजावलं आहे. तळघरात दुसरा घेतला.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र ह्यासाठीच. घराण्यात डावरे तुम्ही एकटे. कॅरमचा स्ट्रायकर तुम्ही डाव्या हाताने मारायचात आणि आजोबा आले की हात बदलायचात, हे मला परवा गाडी चालवताना आठवलं. कुऱ्हाड, बॅट, जे काही आयुष्यात उजव्या माणसांनी उजव्या माणसांसाठी केलेलं धरलंत, ते डाव्या तळव्याला नेमकं कुठे टोचतं? कागदावर हात ठेवून आखा आणि खुणा करा. हे मला पुस्तकात सापडत नाही. लवकर पाठवा, लाकूड थांबलं आहे.

ता. क. ३. उजव्या दस्त्याचं काय, असं तुम्ही विचारालच. लॉयडच्या दुकानात एक दंतवैद्य आला होता, तो दस्ता हातातून खालीच ठेवेना. रुही मात्र म्हणाली, ‘तो बाबांचा आहे. पुढच्या वर्षी तेही येणार आहेत माझ्याबरोबर.’ मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली. मला तो बोटभर आखूड पडतो, मागे रबर लावीन. (ह्या नोव्हेंबरात मी नुसता थर्मास धरून चालणार. माझ्या काडतुसाचा अभ्यास सुरू केला आहे. कृपया सल्ला नको.) दंतवैद्याला मी नाही म्हणून सांगितलं. तो रोख चोवीसशे डॉलर देत होता.