विहिरीचा दिवस

१५ नोव्हें., भाऊबीज

आक्काच्या शेतात सोलर पंप चालू झाला. विहीर दोन्ही घरांची, म्हणून नारळ तिच्या धाकट्या दिराच्या, रंगनाथच्या हातानं. पाणी पाइपातून असं उसळलं की आक्का पदर खोचून लहान पोरीसारखी बाजूला पळाली.

तीन एचपीचा पंप पुरला असता, मी पाचचा बसवला. येताना गाडीत सु. म्हणाली, "बहिणीला पंप दिला की गावाला दाखवला?" दोन्ही, म्हटलं. (लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी वहीत बायकोचं पूर्ण नाव लिहायचा संकोच जात नाही.)

दाजी गेल्यापासून आक्का एकटी शेत ओढते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गाव घाटाच्या तोंडावर, बिबट्याचं येणं-जाणं. मागं एकदा फोनवर म्हणाली होती, "रातीची लाईट लई वंगाळ रं बापू." ते डोक्यात बसलं होतं. आता रात्रीचं नाव नको.

बाबा जन्मभर मेंढ्या घेऊन सावली शोधत फिरले. मी त्यांचा मुलगा शहरात, पुंडलिकनगरच्या सोलर दुकानात बसून ऊन विकतो. त्यांना पटलं नसतं, पण हसले असते.

३ डिसें.

आक्काचा फोन. गहू पेरलाय, कांदाही लावला. कमी पाण्याच्या रानात, असल्या तुटपुंज्या पावसाच्या वर्षी.

"आक्का, पाणी पुरंल का?"

"हिरीत हाय की. आन् वरनं ऊन फुकट. सकाळी चालू करते ती सांच्यालाच बंद. मधी बंद केला की जिवाला लागतं बघ, एवढं ऊन वाया चाललं म्हणून."

ताकाचं भांडं विसळून ते पाणीही पिणारी बाई. तिला आकाशभर ऊन फुकट दिल्यावर दुसरं काय होणार?

१८ डिसें.

आभाळ आलंय. पंप चालत नाही. सकाळपासून तिचे फोन.

"तुझा पंप रुसलाय. जावई हाय व्हय?"

"ढग आहेत आक्का, मी काय करू?"

"मग ढगाला म्हणावं, पड तरी न्हाय तर हट तरी."

ढग पडलेही नाहीत, लवकर हटलेही नाहीत. हल्ली त्यांचं असंच.

११ जाने.

दुकान सोलरचं झालं, पण मूळचा मी मोटार वाइंडिंगवाला. डोळ्यापेक्षा कानावर पोट भरलं. आज फोनवर आक्का सांगत होती गव्हाचं, आणि माझं लक्ष तिच्या मागं चाललेल्या पंपाकडं. भरलेला आवाज, मग खर्रर्र, मग बंद. जरा वेळानं पुन्हा भरलेला, पुन्हा खर्रर्र.

"आक्का, पाणी तळाला गेलंय. हवा ओढतोय तो."

"घसा बसलाय त्याचा. थंडी लई हाय."

पाणी संपलं की पंप आपोआप थांबतो, साचलं की आपोआप सुरू होतो. गिऱ्हाइकाला हे मी किती कौतुकानं सांगतो. आज ऐकताना वाटलं, हा त्या विहिरीला दम खाऊ देत नाहीये.

४ फेब्रु.

कन्नडला कामाला गेलो होतो, तसाच आक्काकडं. बांधाच्या अलीकडं तिचा गहू, हिरवागार. पलीकडं रंगनाथची मोसंबी. पानं वळलेली, पिवळी. ही झाडं दाजी आणि रंगनाथनं मिळून लावलेली. दाजींच्या हातचं शेतात तेवढंच उरलंय.

"रंगनाथराव, पाणी कमी पडतंय का?"

"छ्या. झाडं म्हातारी झाली पाव्हणं."

झाडं लावली त्याच साली मी दुकान टाकलं. दुकान म्हातारं झालेलं नाही.

चहाला थांबला नाही. एरवी या दोघांची जुगलबंदी ऐकायला मी वाट वाकडी करून यायचो. "वैनी, साखर संपली का इसरलात?" "तुझ्या तोंडालाच गोडी नाय, साखर काय करंल?" आज नुसता कपांचा आवाज. आक्का म्हणाली, "आलीकडं आसाच वागतो. बायकोनं कान भरलं आसतील."

मला कळायचं ते कळलं. पण सांगणार कोणत्या तोंडानं? पाचचा पंप कुणी दिला?

२२ फेब्रु.

आज गल्लीत नळ आला. आठवड्याचं पाणी, त्यामुळं सणासारखी पळापळ. सगळ्यांनी नळाला मोटारी लावल्या, शेवटच्या घरातल्या काकूंना थेंब नाही. त्यातल्या निम्म्या मोटारी माझ्याच दुकानातल्या. सु.नं आमची बंद केली, तर ते पाणी शेजाऱ्यानं ओढलं. काकू कोरड्याच. शेवटी सु. घागर देऊन आली.

नव्या सोसायट्यांतही हेच. गच्चीवर माझे पॅनल, गेटात टँकर.

दुपारी आक्काला फोन करून सुचवलं, "पंप बदलून लहान देऊ का?"

"दिलेलं परत घेतोस व्हय? बाबा असते तर..."

फोन कट. बाबा असते तर काय, ते राहिलंच.

१० मार्च

घाटाकडं गारपीट. आक्काचा फोन, आवाजाला धाप.

"लिंबाएवढ्या गारा रं. मी बाबांची घोंगडी घिऊन पळाले."

"पॅनलवर टाकलीस?"

"पाट्या एवढ्या, घोंगडी एक. डब्यावर टाकली. जीव डब्यात आसतो ना त्याचा?"

कंट्रोलरचा डबा. बरोबर आहे तिचं. पॅनल तडकलेत, पंप बंद. गहू आडवा झाला.

"आणि तू?"

"डोक्यावर टेंगळं आल्यात. डबा बरा हाय."

फोन ठेवल्यावर सु.ला सांगताना हसायला लागलो आणि मधेच हसू येईना.

१९ मार्च

तिचे पॅनल अजून मिळाले नाहीत. सगळीकडचेच फुटलेत, माल नाही. सकाळी लवकर तिचा फोन. शिव्यांच्या तयारीनं उचलला. आणि मागून आवाज आला. सोलरचा नाही. जुनी लाईटवरची मोटार. जाड, भरलेला आवाज, मधे कुठंही खर्रर्र नाही.

"आक्का, रंगनाथची मोटार का?"

"व्हय. राती धरनं चालूय, लाईट जाईस्तोवर चालंल. हिरीत पाणी हाय बघ, खालच्या पायऱ्या बुडाल्यात. आपला पंप बंद, मग पाणी आलं कुठनं?"

मोटार तेवढी चालू.

"बापू."

"ऐकतोय."

"त्याच्या पाळीला पाणी नव्हतं व्हय रं, इतके दिस?"

"नसावं."

तिनं फोन ठेवला नाही. नुसता हात खाली गेला असावा. मोटारीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

२३ मार्च

पॅनल घेऊन गेलो. आक्कानं रंगनाथला विहिरीवर बोलावून ठेवला होता. मी नट आवळत होतो, कान तिकडं.

"मुका झाला हुतास व्हय रंगू? दादाची झाडं वाळाय लागली तरी तोंड उघडंना?"

"वैनी, भावानं दिलेली भाऊबीज ती. त्यात मी कुठं तोंड घालू?"

"आन् रातीचं कोरड्या हिरीवर काय करायचास?"

"बसायचो. थोडंफार साचायचं. येक-दोन झाडं भिजायची."

मी पाना खाली ठेवला. "रंगनाथराव, रात्रीची लाईट दर वेळी तुमच्याच वाट्याला कशी हो येते?"

उत्तर आक्कानं दिलं. "त्याला रातीचंच बरं वाटतं. आमचे गेले तवापस्नं रातीचा आठवडा त्याचा, दिवसाचा माझा. दिवसा ऊन सोसत नाय म्हणतो."

रंगनाथ खाली बघून डब्यावरच्या घोंगडीची दशी ओढत होता. उघड्या डोक्यानं दिवसभर मका सोंगणारा गडी. याला ऊन सोसत नाही!

म्हणजे आक्का रात्री विहिरीवर कधी गेलीच नव्हती. 'रातीची लाईट लई वंगाळ' हे ती या रंगूच्या काळजीनं म्हणाली होती. तिला दिवसाची सोय मी करून दिली म्हणून मिरवत होतो. ती आधीच एकानं करून ठेवली होती, न बोलता. आणि नारळ मी त्याच्याच हातानं फोडून घेतला.

आक्कालाही ते तिथंच लागलं. त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ऊन सोसत नाय व्हय? मुडद्या!" आणि तोंड फिरवून चहा ठेवायला गेली.

चहा इतका गोड होता की पिववेना. रंगनाथनं दोन कप प्याले.

२४ मार्च

काल मुक्काम आक्काकडंच. सकाळी माझं डोकं चालायला लागलं. सोलरच्या पाइपाला रंगनाथचा पाइप जोडून देतो, दोघांनीही दिवसा पाणी घ्यावं, रात्रीचं कुणीच जायचं नाही.

आक्का म्हणाली, "बरं. येक दिस माझा, येक दिस रंगूचा."

रंगनाथ विहिरीत वाकून बघत होता. "आन् ही भरायची कवा? हिला तर आपल्या दोघांशिवाय कुणी नाय."

आक्कानं जरा विचार केला. "मग येक दिस हिरीचा."

ठरलं. तिसऱ्या दिवशी पंप बंद, विहीर आपली भरत बसेल. त्या दिवशी डब्यावर बाबांची घोंगडी टाकायची. मी म्हटलं, "आक्का, डब्याला स्विच आहे. तो बंद केला की झालं."

"स्विचाला बोट लागलं की चालू. ऊन दिसलं की माझं बोट ऐकत नाय. घोंगडी काढायची म्हंजी बाबांच्या अंगावरची वढल्यावाणी वाटतं. हात हुत नाय."

एवढी वर्षं सेन्सर विकले. असा सेन्सर बघितला नव्हता.

९ एप्रि.

पाइप जोडून झाला. रंगनाथचा फोन, आपणहून. "पाव्हणं, येक आडचण हाय. रातीची झोपच येईना. सवय मोडली."

"मग काय करता?"

"आंगणात बसतो. वैनी पलीकडनं वरडती, झोप की आता."

१७ एप्रि.

फुलंब्रीकडचं एक गिऱ्हाईक. मोठा पंप हवा, शेजाऱ्यापेक्षा मोठा. पूर्वी चहा मागवून लगेच माप घेतलं असतं. आज विचारलं, विहीर किती खोल, झरा कुठल्या अंगाला, विहिरीत वाटेकरी कोण.

"तुम्ही सोलरवाले का भूजलवाले?" म्हणाला.

"ऊन मी देतो. पाण्याचं तुम्ही सांगा."

चिडला नाही, पण गेला. पुढच्या चौकातल्या दुकानात थांबलेला बघितला. सु. म्हणाली, असंच चाललं तर आपणच घोंगडी पांघरून बसू. पण म्हणताना हसत होती.

२ मे

ऊन असं की पॅनलवर हात ठेववत नाही. लोकांना वाटतं जितकं ऊन तितकी वीज. तसं नसतं, फार तापले की पॅनलही माणसासारखे सुस्तावतात. तरी चालतात. आटते ती विहीर.

आक्काकडं आता हिरीचे दिवस लागोपाठ दोन. तिनं उन्हाळी पीक केलंच नाही. तिच्या पाळीचं पाणी गुरांपुरतं ठेवून बाकीचं मोसंबीला सोडते. रंगनाथला सांगितलेलं नाही. त्याला माहीत आहे. ती माझ्याकडं म्हणते, "कळू दिऊ नको." तोही माझ्याकडं हेच म्हणतो.

कडेची एक ओळ गेली. बाकीची झाडं तग धरून आहेत. पाऊस वेळेवर आला तर.

१४ मे

जाऊन आलो. रस्त्यावरनंच दिसलं, पॅनल उन्हात लखलखताहेत आणि डबा भर मेमध्ये घोंगडी पांघरून बसलाय. जीपमधला शेजारचा म्हणाला, "त्या डब्याला ताप आलाय का हो?" म्हटलं, होय, उतरतोय.

रंगनाथ झाडांच्या बुडाशी उसाचं पाचट पसरत होता. आक्का पाटी भरून देत होती.

"वैनी, हळू. पाचटात इंचू आसतो."

"तुझ्याहून वंगाळ नाय आसनार."

बांधावर बसून ऐकत राहिलो. निघायला उशीर झाला.

२७ मे

पाऊस नाही. आभाळ येतं, जातं.

दुपारी आक्काचा फोन. आज हिरीचा दिवस. "बापू, भांडण मिटव. तळाला आंधार हाय, वरनं कायबी दिसत नाय. रंगू म्हणतो पाणी चढलंय, मी म्हणते निस्ता गाळ हाय. तू कानाचा पक्का. ऐक आन् सांग."

दुकानातला पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं. तिनं हात लांब करून फोन विहिरीत धरला असावा, कारण एकदम सगळा आवाज पोकळ झाला.

"रंगू, टाक खडा."

काही नाही. मग आला आवाज. पाण्याचा? ओल्या गाळाचा? मोटार असती तर छातीठोक सांगितलं असतं.

"काय रं?"

"अजून एक टाकायला सांग."

"रंगू, आजून येक. जरा मोठा बघ."

"वैनी, हीर भरायची हाय का बुजवायची?"

आक्का हसली, मग तोही. दोघांचं हसू विहिरीत घुमून माझ्या कानात आलं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला, जो जरा बरा आहे त्याला, आणि दुसऱ्या खड्याची वाट बघत राहिलो.