पाच दाने अन् तीन टोल्या

डेल्फ्ट, हॉलंड
२ ऑक्टोबर १९८३

चि. इश्वरास टेकचंदचे अनेक आशीर्वाद. माय-बाबांच्या पायावर माझ्याकडून डोकं ठेव.

मी खुशाल आहे. कोर्स सुरू झाला. पाटबंधारे हापिसानं बांध शिकायले पाठवलं, अन् पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं का हा सगळा मुलूख समुद्राच्या खाली आहे, बांध फुटला तं आपण वर्गासकट जाऊ. सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.

सध्या होस्टेलात आहे. बायको येणार असेल तं जानेवारीपासून भाड्याचं घर भेटते. घरं देणाऱ्या बाईनं तीन जागा दाखवल्या. सोबत गावाचा नकाशा आहे, त्यावर लाल पेन्सिलीनं आकडे टाकले आहेत. एक नंबर जुन्या वस्तीत, तळमजला, दारापासून सहा पावलांवर कालवा. दोन नंबर स्टेशनाजवळ, समोर लहान पोरांची शाळा, खिडकीतून तिचं आवार दिसते. तीन नंबर गावाबाहेर उंच इमारतीत, सातवा मजला. त्या रस्त्यात पाणी नाही, पोरं नाहीत, झाडही नाही.

कोणती जागा, अन् शकुन येणार का नाही, हे पंधरा डिसेंबरच्या आत सांगायचं आहे. ती येणार नसेल तं मले होस्टेलातली खाट पुरे. मी तिले दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पासपोर्ट तं होऊन पडला आहे. आपली तुळसा पोर बोडीच्या पाण्यात बुडाली त्याले चौदा महिने झाले. शकुन त्याच बोडीवर रोज भांडी घासते. तिले मी कोणत्या तोंडानं सांगू का इथं दर दुसऱ्या रस्त्यात पाणी आहे, ये.

तू तिले विचार. गंमत न करता विचार. इतकं एक काम कर.

तुझा,
टेकचंद


एकोडी
१७ ऑक्टोबर १९८३

तीर्थरूप भाऊले इश्वरचा साष्टांग नमस्कार, विनंती इशेष.

तुझं पत्र दसऱ्याच्या पाच दिवस पहिले भेटलं. नकाशा मी बैठकीत कोठीले चिकटवला. नंबर ध्यानात राहात नाही म्हून मी तुह्या जागाइले आपल्या वस्त्याइसारखी नावं देल्ली. एक नंबर बोडीटोली, दोन नंबर शाळाटोली, तीन नंबर आभाळटोली. आता सारं गाव तसंच म्हनते. नत्थू सोनार तं इचारत होता का आभाळटोलीले एस्टी जाते का.

बाबाचे सवाल लिहून घे. मसनवट कोन्या अंगाले हाये. दार दक्षिनेले नाही ना. पावसाचं पानी आंगनातून कोन्या बाजूनं निघते. अन् सातव्या माळ्यावर मानूस मेला तं खाली कसा आनते. मी सांगितलं का विहिरीतल्या बादलीसारखा दोरानं सोडते. बाबानं मान हालवली अन् बिडी पेटवली. पहिलेचे बाबा असते तं चप्पल आली असती.

खरं सांगू का भाऊ, अठी कोनी चिडतच नाही. परवा मी मायच्या पानाच्या डब्यात चुन्याच्या जागी तांदळाचं पीठ भरलं. तिनं पान लावलं, खाल्लं, अन् काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच पीठ लावून पुन्हा खाल्लं. तवा मीच गुपचूप चुना भरून ठेवला. अशानं मानसानं खोड्या करायच्या कायले.

वयनीले इचारलं. गंमत न करता इचारलं. ती हातातलं काम करत राहिली. मंग मी परदेशाचा निळा कागद आनून देल्ला, म्हनलं, तूच लिही. कागद मांडीवर घेऊन बसली. चुलीवरचा भात उतू गेला, त्याचा वास सुटला, तरी बसूनच. मंग कागद कोराच वापस देल्ला. असं तीन खेपा झालं. मी कागद उजेडात धरून पाह्यला, कुठं शाईचा डागही नाही. मले वाटते तिचं यायचं मन नाही, पन नाही म्हनाचीही ताकद नाही.

माय म्हनते का घर भाड्याचं असो का आपलं, तांदूळ ठेवल्याशिवाय पाय टाकाचा नाही. तू मंधात पडू नको.

लोभ कमी झाला नसल तं तेवढाच राहू दे.

तुहा,
इश्वर


डेल्फ्ट
२९ ऑक्टोबर १९८३

चि. इश्वरास आशीर्वाद. दिवाळीचे माय-बाबांना नमस्कार.

बाबांना सांग, मसनवट इथं बागेसारखी असते, लोक तिथं बाकावर बसून भाकर खातात. तिन्हीपैकी एकही दार दक्षिणेले नाही. पाणी कोणत्याच बाजूनं आपोआप निघत नाही, पंप लावून काढावं लागते. सातव्या माळ्यासाठी लिफ्टचा पाळणा आहे, जिता-मेला सगळ्यांसाठी एकच.

तांदूळ ठेवायचं म्हणते म्हणजे ते पळसाच्या पानांच्या दोन्याखाली पाच दाणे, अन् सकाळी ते एकमेकाले चिकटून राहिले तं जागा माणसं धरून ठेवते, पांगले तं ठेवत नाही, तेच ना. घर बांधताना बाबांनी ठेवले होते ते मले आठवते. पण इश्वर, दाणे एकोडीच्या जमिनीवर राहतील. म्हणजे डेल्फ्टातलं माझं घर एकोडीच्या मुंग्या ठरवतील. मायले असं सांगू नको. ठेवू दे.

तुले म्हणून लिहितो, मले तीन नंबर बरा वाटते. घरातून पाय काढला का पाणी, असं तिथं नाही. बाकी काही नाही.

काल एका मित्रासोबत इथला पोहण्याचा हौद पाहिला. पाच-सहा वर्षांची पोरं रांगेनं उभी होती, अंगात शर्ट, स्वेटर, पायात जोडे. मास्तरनं शिट्टी वाजवली का तशीच्या तशी पाण्यात. पोरगं पाण्यात पडते ते कपड्यासकट पडते, म्हणून कपड्यासकट शिकवतात. पोरींनाही. मित्र विचारत होता का तुमच्याकडे कसं शिकवतात. मी म्हणालो, शिकवतात. मग आम्ही चहा प्यायलो.

हे पत्र मायले वाचून दाखवताना एवढं गाळ.

तुझा,
टेकचंद


एकोडी
१० नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप भाऊले इश्वरचा नमस्कार, विनंती इशेष.

गाळ म्हून लिहलं ते पत्राच्या शेवटी लिहलं. मी तं वाचत वाचत तठपर्यंत पोहोचलो होतो. हे इंजिनेराले समजाले पाहिजे. माय उठून देवाजवळ गेली. वयनी रांधनीत चुलीजवळ होती, तिनं ऐकलं असल का नाही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बोडीच्या पारीवर, काठाले बैल धूत होतो, ती भांडे घेऊन आली. अन् इचारलं, पोरींलेही शिकवते का. म्हनलं, हो, पोरींलेही. जोड्यासकट का. म्हनलं, जोड्यासकट. मंग तिनं भांडे घासले. वर्षभरात तिनं आपल्या मनानं इचारलेली ही पहिली गोष्ट.

भाऊ, एक गोष्ट मी कोनाले सांगितली नाही. तुळसा त्या साली माह्या मांगं लागली होती का काका मले पोहनं शिकव. मी म्हनलं होतं दिवाळीनंतर शिकवीन, तवा पानी उतरते. ती रोज इचारे का दिवाळी कवा हाये. आता यंदाची दिवाळी होऊन गेली. बस, एवढंच.

आता तांदळाचं. नवा धान घरात आला, त्यातलेच दाने मायनं हातानं सोलले. नकाशा काढून देवाजवळ भुईवर पसरवला, चारी कोन्याले गोटे ठेवले. तीन नंबरांवर पाच-पाच दाने, वरून तीन दोने उबडे. नत्थू सोनार पाहाले आला होता. त्याले मी सांगितलं का हॉलंडात यावेळी दुपार हाये, तठी लोकाइले डोक्यावर दोना पडल्यासारखा अंधार दिसत असल. तो घरी जाऊन बायकोले सांगत होता.

सकाळी मायनं दोने उचलले. बोडीटोलीचे दाने पांगले. शाळाटोलीचे पांगले. आभाळटोलीचे पाचही दाने असे बसले होते जसे पंगतीले बसले. मायनं हात जोडले. बाबा म्हनले का ठीक हाये, उंचावर हवा लागल. तू आता तीन नंबर पक्का कर. वयनी नाही म्हनली नाही.

तुह्याच मनासारखं झालं. लोभ ठेवशील तं ठेव, मी तं ठेवूनच हावो.

तुहा,
इश्वर


डेल्फ्ट
२० नोव्हेंबर १९८३

चि. इश्वरास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तीन नंबर पाहायले गेलो. आतापर्यंत खालूनच पाहिला होता. बाईनं कुलूप काढलं, पडदा सरकवला. सातव्या मजल्यावरून सगळं गाव दिसते. अन् गावापेक्षा पाणी जास्त दिसते. खाली रस्त्यावरून जे एक-एक वाटते ते वरून सगळं मिळून एकच वाटते. कालवे, शेतातले चर, लांब तलाव, सगळं उन्हात चमकत होतं. बाई म्हणाली, लोक या खिडकीसाठी ही जागा घेतात. मी पडदा लावून घेतला.

आता काय करू. मायचे दाणे म्हणतात हीच जागा. पंधरा तारखेले सही करतो. पडदा जाड आणीन. शकुनले खिडकीचं सांगू नको. ती काही बोललीच तं मले लगेच कळव, नाही तं हेच पक्कं.

इथं पाच वाजताच अंधार पडते. तब्येत ठीक आहे. जेवण ठीक आहे. सगळं ठीक आहे.

टेकचंद


एकोडी
२ डिसेंबर १९८३

तुळसाच्या बाबास शकुनचा नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर लिहायले बसली का पहिली ओळच लिहिता येईना. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही अन् घेणार नाही. सहा वर्षं तुळसाचे बाबा म्हणूनच हाक मारली. ती गेल्यावर तुम्हाले काय म्हणावं हे मले कोणी सांगितलं नाही. घरात तुमच्या मागं येऊन उभी राहायची, तुम्ही वळून पाहायचे, तसं चालून गेलं. कागदाच्या मागं उभं राहता येत नाही. इश्वर रोज कोरा कागद पाहे अन् त्याले वाटे मले यायचं नाही.

काल त्यानं तुमचं पत्र वाचून दाखवलं. खिडकीचं गाळलं. पत्र कोनाड्यात ठेवलं होतं, मी वाचलं. मग रात्रभर विचार केला का तुम्ही तिथं पडदा लावून बसणार, अन् मी येऊन त्याच पडद्याले टाके घालणार. म्हणून आज लिहिते. तुम्हाले दुसरं नाव सुचलं नाही. तेच राहू द्या.

इश्वरच्या दाण्यांवर जाऊ नका. त्या सकाळी सडा टाकायले मी सगळ्यांच्या आधी उठली होती. दोने उचलून पाहिले अन् तसेच ठेवले. एक नंबरचे दाणे एका जागी होते. तीन नंबरचे पांगले होते. मग धाकटे साहेब आले, इकडं-तिकडं पाहिलं, अन् बसले दाणे लावत. मी रांधणीच्या दारातून पाहत होती. जीभ बाहेर काढून लावत होता, शाळेत चित्र काढल्यासारखा. त्याले बोलली नाही.

एक नंबर घ्या. सातव्या माळ्यावर कोण येईल अन् कोणाचा पाय वाजेल. तळमजल्यावर दार उघडं ठेवता येते. पाणी सहा पावलांवर आहे तं असू द्या. इथं वीस पावलांवर आहे, मी रोज जाते, भांडी घासून परत येते. काही होत नाही. रडूही येत नाही. तिथंही तसंच होईल. पण तुम्ही सोबत असाल.

एवढं विचारून ठेवा, तिथल्या काठाले कठडा आहे का.

माय-मामांजी बरे आहेत. तब्येतीले जपा.

शकुन


एकोडी
१७ जानेवारी १९८४

तीर्थरूप भाऊले इश्वरचा नमस्कार, विनंती इशेष.

तुही तार भेटली होती. एक नंबर पक्का, कठडा नाही, एवढेच शब्द. पोस्टमन हिरालालनं तीन खेपा वाचली अन् मले इचारलं का हे बरं हाये का वाईट. म्हनलं, मले कायले इचारतं, वयनीले इचार. वयनीनं तार घडी करून कमरेले खोचली अन् म्हनली का नसू दे, मी पाहीन.

काल तिले अन् बाबाले वरठी टेसनावर गाडीत बसवून आलो. बाबा मुंबईपर्यंत सोबत हाये, तठी व्हिसा अन् विमान मिळून पंधरा दिवस लागन, म्हून हे पत्र तिच्या पहिले तुह्यापाशी पोहोचंल. सामानात मायनं मोहाची भाजलेली फुलं देल्ली, ती तिकडच्या पोलिसानं हुंगली तं तू पाहून घे.

तिनं तुले पत्रात माह्यी चुगली केली ते मले मालूम हाये. पत्र पोस्टात टाकाच्या आधी तिनंच मले वाचाले देल्लं, अन् वाचत असताना माहा कान पिरगाळला. चांगला पिरगाळला, दोन दिवस लाल होता. मायनं पाह्यलं अन् मायही बोलली का पानाच्या डब्याचाही हिशेब बाकी हाये. तवा मले बरं वाटलं. काहून ते मालूम नाही.

अजून एक गोष्ट. मागच्या महिन्यापासून मी गावातल्या पोराइले बोडीत उतरवून राहिलो. कमरेइतकंच पानी हाये, थंडी हाये, म्हून दुपारी. कपड्यासकट. जोडे कोनापाशी नाही म्हून चपला दोरीनं पायाले बांधतो. सात पोट्टे अन् दोन पोट्ट्या हायेत. हे शकुनबाईचंच येड म्हनतात लोकं, माहं नाव कोनी घेत नाही. वयनी रोज पारीवर येऊन बसे. एक दिवस नत्थू सोनाराची पोरगी घाबरून रडाले लागली, तं वयनी वरूनच बोलली का पाय मार, हात राहू दे, पाय मार. ती पोरगी चार हात गेली. मंग वयनी उठून घरी गेली अन् सांजपर्यंत रांधनीतून बाहेर नाही आली. पन दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली.

आता वरठीचं ऐक. गाडीले उशीर होता. बाबा पान खाले गेले. मी म्हनलं, वयनी, त्या दान्याचं माफ कर, मी भाऊच्या मनासारखं केलं. तवा ती म्हनली का एक नंबरचेही दाने पांगलेच होते. तिन्ही दोन्यात मुंग्या होत्या, एकही जागा धरून नव्हती. म्हनलं, मंग तू तसं काहून लिहलं. तं म्हनली का खोड्या काय तुले एकट्यालेच येते. हसली नाही. पन तोंड फिरवून घेतलं.

गाडी आली तवा तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. पाच दाने, यंदाच्याच धानाचे; दोना पेटीत ठेवला हाये. त्या घरी गेल्यावर पहिल्या सांजेले भुईवर ठेवीन म्हनली, दाराजवळ, पान्याच्या अंगाले. तठी मुंग्या नाही अन् इश्वरही नाही, पाहू काय होते.

भाऊ, तू सकाळी लवकर उठू नको. उठला तरी दोन्याले हात लावू नको. पहिले तिले उचलू दे.

अठी पोट्टे आवाज देऊन राहिले, पानी आता तापलं असल. जातो.

मले इसरू नको, आनि वयनीले माह्याकडून काही नको सांगू, तिले मालूम हाये.

तुहा,
इश्वर